शेक्सपिअरच्या घरातलं माल्ट

तुमच्यापैकी कुणी इंदूरला असेल, कुणी बडोद्याला, कुणी बेळगावात. पण मोड आलेली नाचणी वाळवून डब्यात भरणारी आजी अनेकांना आठवत असेल. डब्याचं झाकण उघडं राहिलं की माझी आजी ओरडायची, "सादळेल ना ते!" आजची गोष्ट त्या सादळण्याची आहे, आणि तिच्यात विल्यम शेक्सपिअर आहे.

सातूला मोड आणून ते वेळीच भट्टीच्या उष्णतेवर वाळवले की माल्ट तयार होतं. बिअर त्याचीच होते. सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बिअर चैनीची नव्हती, घरातलं रोजचं पेय होतं. विल्यम हॅरिसन या पाद्र्याने त्या काळच्या इंग्लंडचं वर्णन लिहून ठेवलंय. त्यात त्याची बायको दासींना हाताशी घेऊन महिन्यातून एकदा घरीच बिअर काढते. म्हणजे घरात माल्टचा साठा हवाच. अख्खं, कोरडं माल्ट महिनोन्‌महिने टिकतं. पण ते हवेतला ओलावा ओढतं. मऊ पडलं की चव जाते, किडे पडतात. भरडलेलं तर त्याहून लवकर बिघडतं, म्हणून लागेल तेवढंच भरडायचं.

आता या टिकण्यातच खरी गोम आहे. जे टिकतं, ते दाबूनही ठेवता येतं.

१५९४ पासून इंग्लंडमध्ये लागोपाठ पिकं बुडाली. धान्य कडाडलं. गरिबाच्या तोंडचे सातू माल्टवाले पळवतात, अशी ओरड सुरू झाली. स्ट्रॅटफर्ड तर माल्टचंच गाव. सरकारने साठे मोजायला लावले. ४ फेब्रुवारी १५९८ च्या यादीत चॅपल स्ट्रीट भागात शेक्सपिअरच्या नावापुढे नोंद आहे: १० क्वार्टर. एक क्वार्टर म्हणजे ८ बुशेल, म्हणजे एकूण ८० बुशेल. आजच्या मापात हे एक टनाहून जास्त भरतं. आदल्याच वर्षी त्याने 'न्यू प्लेस' हे मोठं घर घेतलं होतं.

मग तो साठेबाज होता का? मला इतक्या पटकन निकाल द्यावासा वाटत नाही. त्याच्याहून मोठे साठे असलेले लोक त्या यादीत आहेत. मोठ्या घराला बिअरही लागतेच. पण सगळं घरखर्चाचंच होतं, असंही म्हणवत नाही. १६०४ मध्ये फिलिप रॉजर्स या औषधविक्याला माल्ट विकलं, त्याचे पैसे थकले, म्हणून शेक्सपिअरने त्याच्यावर दावा लावला. रक्कम होती ३५ शिलिंग १० पेन्स. म्हणजे त्या घरातून माल्ट विकलं जात होतं, एवढं पक्कं.

पुढे सुमारे १६०८ मध्ये त्याने 'कोरिओलेनस' लिहिलं. ते उघडतं भुकेल्या नागरिकांच्या बंडाने. उमरावांची कोठारं भरलेली आहेत आणि आम्ही उपाशी, ही त्यांची तक्रार. ती लिहिणाऱ्याचं नाव दहा वर्षांपूर्वी कोठारवाल्यांच्या यादीत होतं.

मला या नोंदीने शिकवलं ते एवढंच: धान्य कोरडं ठेवणं ही आजीची शहाणीव. पण दुष्काळात शेजारी उपाशी असताना त्याच भरल्या कोठाराचा हिशेब द्यावा लागतो, मग मालक शेक्सपिअर का असेना.

भेटू पुढच्या भागात.