सदू, सद्या आणि सदाशिवजी

दिल्लीत आल्यापासून मी 'सदाशिवजी' आहे. नोएडातल्या आमच्या सोसायटीचा चौकीदार, दूधवाला, कचेरीतले सहकारी, सगळ्यांना हेच नाव ठाऊक. घरी मी 'सदू' होतो. वडील रागावले की 'सद्या' व्हायचो. आई गेली आणि 'सदू' म्हणणारे कोणी उरले नाही.

याची आठवण पुतणीमुळे झाली. ती दिल्ली विद्यापीठात पोलिश शिकते. पोलिशमध्ये कातार्झिना या भारदस्त नावाचे घरात 'काशा' होते आणि हाक मारताना 'काशू'. तेच 'काश्का' केले की सलगी येते, कधी थोडा खडबडीतपणाही. नाव तोडायचे, शेवटचा वर्ण मऊ करायचा, शेपूट जोडायचे. कचेरीत आदर आणि जवळीक दोन्ही हवी असेल तर 'पानी काशू'. 'पानी' म्हणजे बाई. ''म्हणजे आपली काशूबाईच की!'' मी म्हणालो.

मराठीची रीतही हीच. विश्वनाथचा विसू होतो, विसाजी होतो, विसोबाही होतो. फरक एवढाच, की आपल्याकडे तोडलेल्या नावाला 'जी' किंवा 'बा' लागले की ते मूळ नावाइतकेच वजनदार होते. तुकारामबुवा अभंगात स्वतःला 'तुका' म्हणतात, वारकरी त्यांना 'तुकोबा' म्हणतात आणि होळकरांच्या सरदाराचे नाव होते 'तुकोजी'. नाव एकच, पण शेपटावरून कळते की बोलणारा कुठे उभा आहे.

मराठ्यांचा दिल्लीतला इतिहास अशाच घरगुती नावांनी भरलेला आहे. मार्च 1737 मध्ये बाजीराव दिल्लीवर चालून आले आणि तालकटोऱ्यापाशी लढाई झाली. त्यांचे जन्मनाव विसाजी, आजोबांचे. या स्वारीची हकीकत त्यांनी पत्राने कळवली ती धाकट्या भावाला, अप्पांना. 1757 मध्ये दिल्ली घेणारे रघुनाथराव आपल्याला 'राघोबादादा' म्हणूनच माहीत आहेत. तोडलेले नाव, त्याला 'बा' आणि वर नाते. 'पानी काशू'चीच घडण. 10 जानेवारी 1760 रोजी यमुनाकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि त्यांचे पुतणे जनकोजी जखमी झाले. बुराडी आज उत्तर दिल्लीतली दाट वस्ती आहे. त्याच वर्षी दिल्ली घेऊन पुढे पानिपतावर गेलेले सदाशिवराव तर नुसते 'भाऊ'. माझे नाव त्यांचे. आजोबांचेही तेच, म्हणून मला मिळाले.

सर्वांत विलक्षण उदाहरण महादजींचे. महादेवाचे 'महादजी' झालेले. 1784 मध्ये बादशहा शाह आलमने वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांच्या नावे दिले आणि महादजी त्यांचे नायब झाले. दिल्लीचा कारभार त्यांच्या हाती आला. तरी ते स्वतःला पाटील म्हणवत आणि लोक 'पाटीलबाबा' म्हणत. दरबारी किताब बादशहा देऊ शकत होता. 'पाटीलबाबा' हे नाव देणे त्याच्या हाती नव्हते, ते आपल्या माणसांकडूनच मिळायचे.

दत्ताजीतला 'जी' आणि सदाशिवजीतला 'जी' यांत मला इथेच फरक दिसतो. पहिला नावात मुरला आहे. तो काढला तर 'दत्ता' उरतो, घरातला मुलगा. दुसरा दिल्लीच्या सौजन्याचा. कोणत्याही नावाला लागतो आणि त्यामागे कोणतेही नाते असावे लागत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, परक्या शहराने इतके दिले हेही पुष्कळ. पण अशा नावांची नोंद आधारकार्डावर नसते. ती हाक मारणाऱ्याच्या तोंडात राहतात आणि त्याच्याबरोबर जातात. भाऊंचे 'भाऊ' टिकले, कारण पत्रांतून आणि बखरींतून ते लिहिले गेले. माझे 'सदू' कोणी कुठे लिहिलेले नाही.

पुतणी मला नुसते 'काका' म्हणते. परवा तिला म्हटले, ''सदूकाका म्हणत जा.'' ती हसली. पण संध्याकाळी निरोप आला तो 'सदूकाका' असाच होता.