शंखावरचा हिस्लॉप

नागपुरात हिस्लॉप म्हटलं की सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज डोळ्यांपुढे येतं. हेच नाव एका प्राण्यालाही आहे, आणि तो प्राणी नागपूरच्याच पाण्यातून शास्त्राला ठाऊक झाला.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आला, शाळा काढली, आणि १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडाला. कॉलेज १८८३ चं. एवढं सर्वश्रुत.

त्याच्या मृत्यूआधी, १८५८ मध्ये, तळ्यांतल्या स्पंजांचा नाद असलेल्या मुंबईच्या डॉक्टर हेन्री कार्टरने नागपूरच्या गोड्या पाण्यातल्या एका जीवाचं वर्णन छापलं. तो आधी हिस्लॉपच्या नजरेस पडला, म्हणून नाव ठेवलं हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस. पाण्यातल्या दगडावर, काडीवर, गोगलगायीच्या शंखावर पसरणारा हा पातळ पापुद्रा म्हणजे वसाहत असते. तिच्यातल्या प्रत्येक कप्प्यात स्वतंत्र जीव, त्याला स्वतःची शुंडकं आणि स्वतःचं आतडं.

हिस्लॉपच्या नजरेस तो पडला कसा? कार्टरच्या स्पंजांसाठी तळी ढवळताना, असं कुणी म्हणेल. पण हिस्लॉपचा जीव अडकला होता नागपूरजवळच्या टाकळीच्या खडकांतल्या अश्मीभूत गोगलगायींत. जुने शंख ताडून पाहायला जिवंत शंख हाताशी लागतात, आणि हा पापुद्रा नेमका तिथेच चिकटतो. तलाव कोणता, याबाबत कौल शहरातल्या जुन्या जुम्मा तलावाला द्यावासा वाटतो.

खरी गंमत वर्गीकरणात आहे. हिस्लोपिया ज्या समूहात मोडतो, त्या ब्रायोझोआंपैकी गोड्या पाण्यातल्या बहुतेकांची शुंडकं घोड्याच्या नालासारखी मांडलेली असतात, आणि तळं आटलं तरी टिकणाऱ्या टणक कळ्या ते तयार करतात. हिस्लोपियाची शुंडकं मात्र गोल कड्यात असतात, आणि तशा कळ्या नसतात. म्हणून कार्टरने त्याचं नातं समुद्रातल्या फ्लस्ट्राशी जोडलं. पुढे गण बदलला, पण सागरी नातं कायम राहिलं. समुद्रापासून इतक्या दूर, विदर्भात!

समूहाच्या नावावरही वाद झाला. थॉम्पसनने १८३० मध्ये पॉलिझोआ म्हटलं, एरेनबर्गने १८३१ मध्ये ब्रायोझोआ. इंग्रज अभ्यासक पहिल्याला धरून बसले. भारतातल्या या प्राण्यांवरच्या ॲनंडेलच्या १९११ च्या ग्रंथाच्या शीर्षकातही पॉलिझोआच आहे. आज ब्रायोझोआ चालतं.

शाळेत रंध्रीय ते समपृष्ठरज्जू अशी संघांची यादी पाठ होते, पण तिच्यात ब्रायोझोआ नाहीत. नागपूरलगतच्या वाडीच्या शाळांना अंबाझरी तलाव जवळ आहे. पापुद्रा धरलेला एखादा शंख मिळाला, तर एकाच वस्तूवर दोन संघ दाखवता येतात: खाली मृदुकाय, वर ब्रायोझोआ. धक्का लागला की शुंडकं आत जातात. शंख तळ्याच्याच पाण्यात थोडा वेळ न हलवता ठेवून भिंग धरावं.