गाईच्या दामाचे दोन हिस्से

दुष्काळात जनावराचा भाव कसा पडतो, हे आपल्याकडच्या बाजारांना सांगायला नको. चारा संपला की विकणारे सगळे आणि घेणारा कोणी नाही. १९३४ साली अमेरिकेतल्या पशुपालकांवर हीच वेळ आली होती.

टेक्सासपासून डाकोटापर्यंतची गवताळ पठारे करपली होती. धुळीच्या वादळांनी कुरणे झाकून टाकली होती. त्यात १९२९ पासूनची महामंदी. त्या जूनमध्ये रूझवेल्ट सरकारने दुष्काळनिवारणासाठी ५२ कोटी ५० लाख डॉलर मंजूर करून घेतले आणि सरकारच गुरांचे गिऱ्हाईक झाले. काउंटी, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, दुष्काळग्रस्त जाहीर झाली की तिथे खरेदी सुरू होई. दोन वर्षांवरच्या जनावराला १२ ते २० डॉलर, वासराला ४ ते ८ डॉलर.

श्रोतेहो, मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. ही रक्कम दोन हिस्स्यांत मिळे. पहिला हिस्सा जनावराच्या किमतीचा. जनावर गहाण असेल तर त्यावर बँकेचा हक्क. दुसरा हिस्सा ३ ते ६ डॉलरचा. तो पशुपालकाचा स्वतःचा. त्याला धनको हात लावू शकत नव्हता. दुष्काळ आणि कर्ज एकाच घरात राहतात, हे तो नियम करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

पण या मदतीची दुसरी बाजू कठोर होती. आपल्याकडे चारा छावणीत जनावर जगवतात. तिथे ते विकत घेऊन कळपच कमी केले. धडधाकट जनावरांचे मांस डबाबंद होऊन बेकारांच्या घरी गेले. खंगलेल्या जनावरांना जागच्या जागी गोळी घालून पुरले. सुरुवातीला सर्वाधिक होरपळलेल्या भागांत अशी जनावरे निम्म्याहून अधिक निघाली. स्वतः वाढवलेली गाय खड्ड्यात जाताना पाहायची आणि पैसे घ्यायचे. १९३५ च्या आरंभापर्यंत सरकारने ८० लाखांहून अधिक गुरे घेतली.

पुढे असा व्यवहार मागे पडला आणि मेलेल्या जनावराची भरपाई देणारे कायदे आले. पण कायद्यालाही मुदत असते. ऑक्टोबर २०१३ मध्ये दक्षिण डाकोटाच्या पश्चिम भागात आधी पाऊस, मग हिमवादळ आले. गुरे अजून उन्हाळी कुरणांवरच होती, अंगावर हिवाळ्याची लव आलेली नव्हती. हजारोंनी मेली. भरपाईची तरतूद २०११ मध्येच संपली होती. त्यातच वॉशिंग्टनमधल्या अर्थसंकल्पाच्या भांडणामुळे सरकारी कचेऱ्यांना टाळे लागलेले. पुढे कधी मदत आलीच तर पुरावा हवा, म्हणून लोकांनी मेलेल्या गुरांचे फोटो काढून ठेवले. सरकारच्या आधी इतर राज्यांतले पशुपालक धावून आले. त्यांनी आपल्या कालवडी पाठवल्या.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नवा कायदा झाला. बाजारभावाच्या ७५ टक्के भरपाई ठरली, तीही मागच्या नुकसानीसकट. उशिरा का होईना, न्याय झाला. पण मधला हिवाळा ज्याने रिकाम्या कुरणाकडे बघत काढला, त्याला तो कोणी परत दिला नाही.

म्हणून मदतीचा आकडा वाचला की मी दोनच प्रश्न विचारतो : पैसा कोणाच्या हातात पडला आणि कधी पडला? १९३४ चे ते ३ ते ६ डॉलर पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेले. दुसऱ्याला २०१३ मध्ये कुलूप होते.