पोथ्यांचे पाठभेद आणि फुलांची कुळे

मकरपुऱ्याचा राजवाडा खंडेराव महाराजांनी १८७० साली बांधविला आणि पुढे सयाजीराव महाराजांनी त्याचा विस्तार केला, हे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांना सांगावयास नको. आज ती वास्तू वायुदलाच्या प्रशिक्षण संस्थेकडे आहे. त्या राजवाड्याच्या उद्यानाची आखणी करणारा विल्यम गोल्डरिंग हा लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात घडलेला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. त्याच क्यूमध्ये बेंथॅम आणि हूकर यांनी १८६२ ते १८८३ या काळात सपुष्प वनस्पतींची कुळे लावली. हिंदुस्थानातील महाविद्यालयांत त्यांचीच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली.

ही कुळे लावण्याचे प्रमाण होते दृश्य रूप: पाकळ्या किती, त्या सुट्या की जुळलेल्या, बीजकोश फुलाच्या वर की खाली. कमळ आणि कुमुद यांचेच उदाहरण घ्यावे. दोन्ही पाण्यात वाढतात, दोघांची पाने गोल, फुले मोठी आणि बहुपाकळी. साहजिकच बेंथॅम-हूकरांनी दोघांना एका कुळात बसविले. पुढे काहींनी कमळाचे कुळ वेगळे मानले, तरी त्याला कुमुदाच्या शेजारचेच घर दिले. कमळाच्या परागकणाला तीन खाचा आणि कुमुदाच्या परागकणाला एक, हा भेद काही अभ्यासकांना खटकत होता. पण एवढ्या साम्यापुढे एका सूक्ष्म भेदाचे कोण ऐकणार?

हा वाद ज्या युक्तिवादाने मिटला, तो बडोद्याला परका नाही. येथील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात कांडांत प्रसिद्ध केली. देशभरातून आलेल्या हस्तलिखितांपैकी कोणते कोणत्या परंपरेतले, हे संपादकांना ठरवावयाचे होते. अशा कामी अक्षराचे वळण किंवा कागदाचा रंग फारसा उपयोगी पडत नाही. लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकते. त्या प्रतीवरून नक्कल करणारा तीच चूक पुढे नेतो आणि स्वतःची एखादी भर घालतो. म्हणून दोन पोथ्यांत तेच वेगळे पाठ वारंवार आढळले, तर त्यांची मूळ प्रत एक असावी असे अनुमान निघते. येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. दोन पोथ्यांतील शुद्ध पाठ सारखा असल्याने त्यांचे जवळचे नाते सिद्ध होत नाही, कारण तो मूळ ग्रंथातून सर्वांनाच मिळालेला असू शकतो. नाते सांगतो तो मागाहून झालेला आणि वाटून घेतलेला बदल. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली जीवसृष्टीच्या वंशावळीसाठी हेच तत्त्व मांडले.

प्रत्येक वनस्पती ही अशीच नकलेची नक्कल आहे. तिच्या पेशीतील हरितलवकात आरबीसीएल नावाचे एक जनुक असते. हवेतील कार्बन वायू बांधून घेणाऱ्या प्रथिनाचा आराखडा त्यात सुमारे चौदाशे अक्षरांत लिहिलेला असतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याची नक्कल होते आणि क्वचित एखादे अक्षर बदलते. १९९३ साली मार्क चेस आणि त्यांचे सहकारी, एकूण ४२ संशोधकांनी, सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींचे हे जनुक ताडून पाहिले. त्यांच्या वंशवृक्षात कमळ कुमुदापासून फार दूर गेले. कमळाचे निकटचे आप्त ठरले काश्मीरचा चिनार आणि बागांतून लावला जाणारा सिल्व्हर ओक! कुमुदाची शाखा तर सपुष्प वनस्पतींच्या अगदी आरंभीच्या शाखांपैकी एक निघाली. दोन्ही वंश दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी विभक्त झालेले. पाण्यातील सारख्या राहणीने त्यांना सारखे रूप दिले, एवढेच.

आपल्या कवींनी आणि कोशकारांनी सूर्यविकासी कमळ व चंद्रविकासी कुमुद यांचा भेद आधीच जाणला होता, असे कोणी अभिमानाने म्हणेल. तो भेद फुलण्याच्या वेळेचा होता, वंशाचा नव्हे. मात्र पाहणारी नजर चोख होती, हे मान्य करावे.

१९९८ पासून या पुराव्यावर आधारलेली नवी वर्गवारी रूढ झाली. तिच्या २०१६ सालच्या आवृत्तीत ४१६ कुळे आहेत. साग आता तुळशीच्या कुळात आला, काटेसावर कापूस व जास्वंदीच्या घरात गेली आणि रुई कण्हेरीच्या. मोहरी, शेवगा आणि पपई एकाच गणात बसली. त्यांचा समान तिखट उग्रपणा रसायनशास्त्रज्ञांना पूर्वीच सुचवीत होता ते खरे ठरले.

तरीही एका जनुकावर विसंबणे म्हणजे एकाच कांडावरून साऱ्या रामायणाची परंपरा ठरविणे होय. हरितलवक बहुधा मातेकडूनच येते; संकर झाला असल्यास पित्याचा वंश त्यात उमटत नाही. लेखनिकासमोर दोन परंपरांच्या पोथ्या असल्या की संमिश्र प्रत तयार होते. महाभारताचे संपादन करताना विष्णु सीताराम सुखठणकर यांनाही ही अडचण भेडसावली होती. तिच्यावरचा उपाय एकच: अधिक पाठ पाहणे. २०२४ साली क्यूच्या नेतृत्वाखाली पेशीकेंद्रातील ३५३ जनुके ९,५०० हून अधिक जातींत वाचली गेली आणि वंशवृक्ष पुन्हा तपासला गेला.

या कामातील एक नमुना नेपाळात १८२९ साली गोळा केलेला होता. ज्या कोणी ती फांदी कागदावर वाळवून ठेवली, त्याला जनुक ही कल्पनाही ठाऊक नव्हती. नाव, ठिकाण आणि साल लिहून त्याने ती जपली, एवढेच त्याचे कर्तृत्व. आणि तेच कामी आले.

बडोद्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या एका विभागात जुन्या पोथ्या आहेत, तर दुसऱ्यात वाळविलेल्या वनस्पतींचे संग्रह. दोहोंविषयी एकच प्रश्न अधूनमधून ऐकू येतो: छापील ग्रंथ आणि जिवंत झाडे असता हे जीर्ण कागद कशाला सांभाळावयाचे? कुलवृत्तान्त जपणाऱ्या घराण्यांना तरी त्याचे उत्तर अवघड जाऊ नये. पुढची पिढी कोणता प्रश्न विचारील, हे जपणाऱ्याला कधीच ठाऊक नसते. म्हणून घरातील जुन्या वहीत एखादे वाळलेले पान, त्याखाली गाव आणि साल लिहिलेले, सापडले, तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराला अवश्य दाखवावे.