चौकटीबाहेरच्या रेषेचं काय करायचं?

साठच्या दशकात संगणकाच्या पडद्यावरचं चित्र म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताने ओढलेल्या रेषा. टोक पडद्याबाहेर गेलं की त्याचा आकडा ठरलेल्या बिट्समध्ये मावत नसे आणि उजवीकडे निसटलेली रेषा खुशाल डावीकडून आत घुसे. बाहेरचा भाग आधीच छाटणं भागच होतं.

१९६७च्या सुमारास विमानोड्डाणाच्या सिम्युलेटरवर काम करताना डॅनी कोहेन आणि आयव्हन सदरलँड यांनी यावर नामी तोड काढली. पडद्याच्या चारही कडा लांबवल्या की नऊ घरं पडतात. प्रत्येक घराला चार बिट्सचा संकेत, दर कडेसाठी एक बिट, त्या कडेच्या बाहेर असेल तर १; मधल्याला ००००. दोन्ही टोकं मधल्या घरात असली तर रेषा जशीच्या तशी काढा. दोन्ही संकेतांत एकाच जागी १ असेल तर रेषा अख्खी बाहेर, सोडून द्या. छेदनबिंदू काढायचा तो उरलेल्यांचाच. भागाकार महाग असण्याच्या त्या काळात ही चैन नव्हती, गरज होती.

पुढच्याच वर्षी रॉबर्ट स्प्राऊल आणि सदरलँड यांच्या ‘क्लिपिंग डिव्हायडर’ने हे काम थेट हार्डवेअरकडे सोपवलं. रेषेचा मध्यबिंदू काढायचा, कुठला अर्धा भाग कडेला भिडतो ते पाहायचं, त्याचा पुन्हा मध्य. बेरीज करून बिट्स एक घर सरकवले की झालं! मला तरी या कुळातली हीच सर्वांत देखणी युक्ती वाटते.

त्रिमितीत कडांची प्रतलं झाली: चार बाजूंची, एक जवळचं, एक दूरचं. जवळचं टाळता येत नाही. दूरचं लहान दिसावं म्हणून बिंदूला त्याच्या खोलीने भागतात; डोळ्यामागच्या बिंदूची खोली ऋण, तिने भागलं की तो उलटा होऊन समोर उगवतो. १९८२मध्ये जिम क्लार्कच्या ‘जॉमेट्री इंजिन’ व्यवस्थेत बारापैकी सहा चिप नुसत्या छाटणीला होत्या.

१९९२च्या ओपनजीएल या ग्राफिक्स प्रणालीने प्रोग्रामरला स्वतःची किमान सहा जादा प्रतलं दिली. a, b, c, d हे चार आकडे द्यायचे. ax+by+cz+d ऋण आलं की तो भाग गायब. २००८पासून ही सोय मोडीत निघू लागली. आता शिरोबिंदूचं प्रतलापासूनचं अंतर शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, आपणच लिहायचं.

इंजिनाचा छेद दाखवायला असं जादा प्रतल हमखास वापरतात आणि नवशिक्या तिथेच चक्रावतो. कापलेलं पोलाद आतून पोकळ! मॉडेल म्हणजे नुसतं त्रिकोणांचं कवच. प्रतल ते कापतं, भोक बुजवत नाही. त्यासाठी स्टेन्सिल बफरमध्ये, म्हणजे दर पिक्सेलसाठी खूण ठेवणाऱ्या स्मृतीत, छेदाचा आकार टिपून त्यावर झाकण वेगळं रंगवावं लागतं.