शरीराची शीव

शीव या नावाचा अर्थच मुळी सीमा. इंग्रजांची मुंबई इथे संपायची आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची. टेकडीवरचा किल्ला त्या हद्दीवरच्या पहाऱ्यासाठी. आज त्या परिसरातून जाताना मला जिमच्या पाट्या दिसतात. तीन महिन्यांत पिळदार शरीर देण्याची हमी त्यांवर असते. शरीरालाही एक शीव असते. ती कुठे आहे, हे इतिहासालाच विचारू या.

आपल्या तालमीत घाईला थारा नव्हता. बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांची व्यायामशाळा त्यांच्या उस्तादांच्या, जुम्मादादांच्या, नावाने ओळखली जाते. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० या काळात तिथे शिकले. तीन महिने नव्हे, तीन वर्षे!

ज्याच्या नावाची बनियन आपण अजून घालतो, तो सँडो १९२५ मध्ये वारला. आपल्या मनोहर ऐच यांनी १९५२ मध्ये 'मिस्टर युनिव्हर्स' किताब पटकावला. उंची जेमतेम चार फूट अकरा इंच. तुरुंगात असतानाही त्यांनी व्यायाम सोडला नव्हता. वयाची शंभरी ओलांडून २०१६ मध्ये ते गेले.

या दोघांच्या नंतर एक रेषा ओढावी लागते. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. १९५८ मध्ये 'डायनाबॉल' ही स्टेरॉइडची गोळी अमेरिकेच्या बाजारात आली. डॉ. जॉन झिग्लर यांनी ती तिथल्या वजन उचलणाऱ्या खेळाडूंना दिली. पुढे त्याचा त्यांनाच पश्चात्ताप झाला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून स्टेरॉइडची तपासणी सुरू झाली. पण तोवर पिळदार शरीराचे मापच बदलून गेले होते.

किती बदलले? अमेरिकेत डॉ. शलेंदर भसीन यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय असलेले तरुण पुरुष, दहा आठवडे. नुसता व्यायाम करणाऱ्यांचे चरबी सोडून उरणारे वजन सुमारे दोन किलोंनी वाढले. टेस्टोस्टेरॉनची मोठी मात्रा घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचे सुमारे तीन किलोंनी आणि दोन्ही करणाऱ्यांचे सहा किलोंनी! म्हणजे इंजेक्शन घेऊन बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला.

हा आकडा मला अस्वस्थ करतो. प्रामाणिकपणे व्यायाम करणारा मुलगा आरशात पाहून स्वतःलाच कमी लेखतो. आपलेच काही चुकते आहे, असे त्याला वाटते. त्याचे काहीच चुकत नसते. त्याच्यासमोर ठेवलेले माप खोटे असते. मग कुणीतरी त्याच्या हातात पुडी ठेवतो. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. वृषणे आकसतात, शुक्रजंतू घटतात, छाती बायकी होऊ शकते. गोळ्यांनी यकृत बिघडते, हृदयाचे स्नायू कमकुवत होऊ शकतात. आणि औषध थांबले की कमावलेले बरेचसे मांस उतरू लागते.

दहा आठवड्यांत दोन किलो ही मोठी कमाई आहे. पुढे हा वेगही मंदावतो, हे मुलांना आधीच सांगायला हवे. जिमच्या भिंतीवर सँडो आणि आजचे विजेते शेजारी शेजारी टांगलेले असतात. हे शरीर १९५८ च्या अलीकडचे की पलीकडचे, एवढे विचारायला आपण मुलांना शिकवले, तरी पुष्कळ झाले.