निष्ठेचा परतावा : जलवाहतुकीतील सूट, वर्ग आणि श्रेणी यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

दि. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबई बंदरातून लंडनकडे निघालेल्या एका आगबोटीचे नाव ‘लॉयल्टी’ असे होते. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद व लल्लूभाई सामळदास यांनी उभारलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही पहिली बोट. स्वतंत्र भारतात हाच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून साजरा होऊ लागला. बोटीचे नाव मात्र कंपनीने ठेवलेले नव्हते. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही बोट १९१४ च्या अखेरीस ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली, युद्धातील भारतीय सैनिकांसाठी तिचे रुग्णालय-जहाज केले आणि साम्राज्यावरील निष्ठा दर्शविणारे हे नाव तिला दिले. स्वदेशी कंपनीची पहिली बोट साम्राज्यनिष्ठेचे नाव घेऊन समुद्रात उतरली, हा योगायोग इतिहासाच्या अभ्यासकाला मौजेचा वाटल्यास नवल नाही.

तथापि त्या काळी जलवाहतुकीच्या व्यवहारात ‘निष्ठा’ या शब्दाला आणखी एक अर्थ होता आणि तो साम्राज्यापेक्षा हिशेबाच्या वहीशी अधिक संबंधित होता. आजच्या क्रूझ कंपन्या वारंवार येणाऱ्या उतारूंसाठी ज्या ‘लॉयल्टी’ योजना चालवितात, त्यांची चर्चा सामान्यतः विपणनशास्त्राच्या अंगाने होते. या योजना चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, या प्रश्नाकडे जलवाहतुकीच्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कलकत्त्याची सूट

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि इंग्लंड व भारत यांच्यामधील वाहतुकीत आगबोटींची संख्या एकाएकी वाढली. बोटी अधिक व माल कमी अशी स्थिती निर्माण होऊन भाड्याचे दर कोसळू लागले. त्यावर उपाय म्हणून १८७५ मध्ये कलकत्ता मार्गावरील ब्रिटिश कंपन्यांनी एकत्र येऊन समान दर ठरविले. जलवाहतुकीच्या इतिहासात ‘कॉन्फरन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघांचा हा आरंभ होय. परंतु दर ठरविल्याने व्यापारी बांधला जात नाही. बाहेरची एखादी बोट स्वस्त दर घेऊन बंदरात आली की तो तिकडे वळतोच. म्हणून १८७७ मध्ये एक नवी युक्ती योजण्यात आली. तिला ‘विलंबित सूट’ असे म्हणता येईल.

या सुटीची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. व्यापाऱ्याने भाडे पूर्ण भरावयाचे. सहा महिन्यांच्या अखेरीस त्याने भरलेल्या भाड्याच्या साधारण दहा टक्के रक्कम सूट म्हणून त्याच्या नावे मांडली जाई, पण ती हाती पडत नसे. पुढील सहा महिने त्याने आपला सर्व माल संघाच्याच बोटींतून पाठविला, तरच मागील सूट मिळे. एवढ्यात नव्या सहामाहीची सूट साचलेली असे व ती मिळविण्यासाठी पुन्हा सहा महिने थांबणे भाग पडे. एखाद्या व्यापाऱ्याने एकदाच, अगदी एक गाठोडे जरी बाहेरच्या बोटीने पाठविले, तरी साचलेली सारी रक्कम बुडाली. म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा कायम कंपनीच्या तिजोरीत ओलीस राही. ती रक्कम दिली न जाता राखून ठेवली जात होती, आणि या सुटीचे खरे सामर्थ्य त्या राखून ठेवण्यातच होते.

नव्या कंपनीच्या दृष्टीने याचा परिणाम उघड होता. तिने दहा टक्के स्वस्त दर दिला तरी व्यापाऱ्याला तो परवडत नसे, कारण त्याच्या बदल्यात वर्षभराची साचलेली सूट सोडावी लागे. सिंदियासारख्या कंपन्यांपुढे ब्रिटिश कंपन्यांचे भांडवल व सरकारी टपालाचे ठेके यांच्याइतकाच हाही मोठा अडथळा होता. या प्रश्नाच्या चौकशीसाठी ब्रिटनमध्ये १९०६ साली शाही आयोग नेमला गेला व त्याचा अहवाल १९०९ मध्ये आला. आयोगातील बहुमताने ही पद्धत काही मार्गांवर समर्थनीय मानली. अल्पमताचा सूर वेगळा होता. अमेरिकेने मात्र १९१६ च्या जहाजवाहतूक कायद्याने विलंबित सुटीवर सरळ बंदी घातली. भारतात १९२० च्या दशकात मध्यवर्ती विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचे प्रयत्न झाले, परंतु परकीय सत्तेच्या काळात त्यांना यश आले नाही. १९२३ मध्ये ब्रिटिश गटाशी करार करून सिंदियाला आपला व्यवसाय मुख्यतः किनारी मालवाहतुकीपुरता मर्यादित ठेवावा लागला. त्याच वर्षी ‘लॉयल्टी’ बोट मोडीत निघाली.

आयोगाच्या बहुमताने मान्य केलेला कंपन्यांचा युक्तिवाद येथे नोंदविणे न्यायाचे ठरेल. बोट अर्धी रिकामी असली तरी ठरल्या दिवशी निघालीच पाहिजे, अशी सेवा व्यापाराला हवी असते. असा भरवसा देणाऱ्याला ग्राहकाकडून उलट भरवसा हवा, असे त्यांचे म्हणणे होते. हा युक्तिवाद फसवा नव्हता. नियमित फेरीचे मोल व्यापारी जाणत होते. आजच्या योजनांची तपासणी करताना हीच कसोटी उपयोगी पडते : ग्राहकाच्या निष्ठेच्या मोबदल्यात कंपनी स्वतःला कशाने बांधून घेते?

उतारू : वर्ग आणि भावना

मालाची निष्ठा सुटीने बांधली गेली. उतारूंच्या बाबतीत तशी गरज बराच काळ भासली नाही. टपालबोटींचे मार्ग मोजके होते व उतारूची जागा त्याच्या वर्गानेच निश्चित होई. पहिला वर्ग, दुसरा वर्ग आणि त्याखाली स्टीअरेज किंवा डेक, अशी ही उतरंड होती. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर श्रीमंत उतारूंना जाताना डावीकडची व येताना उजवीकडची सावलीची खोली मिळे, आणि त्यावरून इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द आला, ही व्युत्पत्ती आजही वर्गांतून सांगितली जाते. तिला कसलाही कागदोपत्री आधार मिळालेला नाही. तरीही ती टिकून राहिली, यावरून बोटीवरील दर्जाविषयीच्या आकर्षणाची कल्पना येते.

उतारूंच्या निष्ठेसाठी खरी चढाओढ झाली ती दक्षिणेत. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि तुतिकोरिन-कोलंबो मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीला आव्हान दिले. ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवीत नेले आणि अखेरीस फुकट प्रवास व वर एकेक छत्री देऊ केली, असे सांगितले जाते. तपशिलात लोककथेचा अंश असू शकेल. दरयुद्ध झाले याबद्दल मात्र शंका नाही. येथे एका बाजूला विकत घेतलेली निष्ठा होती, तर दुसऱ्या बाजूला पदरमोड करून दाखविलेली. चिदंबरम यांना १९०८ मध्ये कारावास झाला व १९११ मध्ये कंपनी विसर्जित झाली. स्वदेशी बोटीने प्रवास करणाऱ्या उतारूला त्याबद्दल कोणताही दर्जा मिळत नव्हता, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वर्ग गेला, श्रेणी आली

अमेरिकेच्या १९२१ व १९२४ च्या स्थलांतर कायद्यांनी अटलांटिकवरील स्टीअरेजची वाहतूक आटविली. पुढे ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची प्रवासी सेवा सुरू झाली आणि प्रवासी बोटींचा मूळ व्यवसायच संपुष्टात येऊ लागला. केवळ सहलीसाठी समुद्रात जाण्याची कल्पना जुनी होती. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या अल्बर्ट बालिन यांनी १८९१ मध्येच ‘ऑगुस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट हिवाळी सहलीसाठी भूमध्य समुद्रात पाठविली होती. परंतु तिचा मोठा उद्योग झाला तो १९६६ ते १९७२ या काळात, नॉर्वेजियन कॅरिबियन, रॉयल कॅरिबियन व कार्निव्हल या कंपन्या अमेरिकेत उभ्या राहिल्यानंतर. या नव्या जहाजांवर वर्गांच्या भिंती पडल्या. एकच भोजनगृह, एकच डेक आणि तिकिटातील फरक केवळ खोलीपुरता, हे त्यांचे वैशिष्ट्य होते. सामान्य अमेरिकन कुटुंबाला क्रूझ आपलीशी वाटली, त्यात या समतेचा वाटा मोठा होता.

हा काळ फार टिकला नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी गुणांची योजना सुरू केली व अल्पावधीत ती सर्वत्र अनुसरली गेली. क्रूझ कंपन्यांकडे जुन्या उतारूंची मंडळे असत. त्यांनाही हळूहळू विमान कंपन्यांच्या धर्तीवर पायऱ्यांचे रूप आले. रॉयल कॅरिबियनच्या ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’त सोने, प्लॅटिनम, पाचू, हिरा, अधिक हिरा व शिखर अशा सहा श्रेणी आहेत. जहाजावरील एका रात्रीला एक गुण, आणि स्वीटमध्ये उतरल्यास दुप्पट. हिरा श्रेणीला ८० गुण लागतात, तर शिखर श्रेणीला ७००. साध्या खोलीतून सात रात्रींच्या सहली करणाऱ्याला शिखर गाठण्यासाठी शंभर सहली कराव्या लागतील! या श्रेणींच्या बदल्यात जहाजावर लवकर प्रवेश, ठरावीक मोफत पेये, राखीव दालन व पुढील सहलीवर थोडी सूट अशा गोष्टी मिळतात. वर्ग दारातून बाहेर गेला आणि श्रेणीच्या रूपाने खिडकीतून परत आला.

परत आला, पण बदलून. जुन्या वर्गात लपवाछपवी नव्हती; तिकीट घेतानाच उतारूला आपली जागा कळे. श्रेणी मात्र आश्वासनावर चालते. रात्रींमागून रात्री जमवीत राहावे, म्हणजे कधीतरी दालनाचे दार उघडेल. आणि दार उघडते तेव्हा आत गर्दी असते, कारण गुण कधी कमी होत नाहीत व लोक श्रेणी चढतच राहतात. सर्वांना मिळालेला मान हा मान राहत नाही, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राचीही गरज नाही. मग सवलती आकसतात, वर नवी पायरी बांधली जाते आणि खालच्यांना पुन्हा चढण सुरू करावी लागते.

दरम्यान उघड वर्गही परतला आहे. एमएससीने २००८ मध्ये ‘फँटासिया’ जहाजावर ‘यॉट क्लब’ या नावाने स्वतंत्र भोजनगृह व डेक असलेला विभाग सुरू केला; क्यूनार्डच्या जहाजांवर खोलीच्या दर्जानुसार भोजनगृह ठरते, ही प्रथा तर जुनीच आहे. ही विषमता कुणाला रुचो वा न रुचो, ती दर सांगून विकली जाते.

ठेवाव्यात काय?

या योजनांच्या बाजूने पहिला मुद्दा असा की, नवा ग्राहक मिळविण्यापेक्षा जुना टिकविणे स्वस्त पडते व त्या बचतीचा वाटा जुन्या उतारूला मिळणे योग्य आहे. हा मुद्दा मान्य करण्यास हरकत नाही. परंतु तो सुटीचे समर्थन करतो, श्रेणीचे नाही. जुन्या उतारूला तिकिटावर पाच टक्के कमी आकारले तर वाटा मिळालाच. त्यासाठी हिरे-पाचूंची आवश्यकता काय? दुसरा मुद्दा ओळखीचा, आपुलकीचा आहे. वर्षानुवर्षे येणाऱ्या, बहुधा निवृत्त व अनेकदा एकट्या असलेल्या वृद्ध उतारूंना जहाजावर नावाने ओळखले जाणे मोलाचे वाटते. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सर्व योजनांत टिकवावे असे काही असेल तर ते हेच.

प्रश्न बिघडतो तो मिळविलेली गोष्ट कंपनीच्या हाती ओलीस राहिल्यावर. रात्रींवर आधारलेल्या श्रेणीत निदान एक प्रामाणिकपणा आहे : काढलेल्या रात्री कोणी हिरावून घेत नाही. कार्निव्हल कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या बदलात तोही उरत नाही. तिच्या नव्या योजनेत जहाजावरील दिवसांऐवजी खर्च हा श्रेणीचा आधार असून, श्रेणी ठरावीक मुदतीत पुन्हा खर्च करून टिकवावी लागणार आहे. वर्षानुवर्षे साध्या खोलीतून दोनशे दिवस जमविलेल्या उतारूंनी या घोषणेविरुद्ध नाराजी व्यक्त केली, यात आश्चर्य नाही. मागील कमाई पुढील खरेदीवर अवलंबून ठेवणे, हे १८७७ च्या कलकत्ता सुटीचेच तत्त्व होय. फरक आहे तो कंपनीच्या बाजूने. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला निष्ठेच्या मोबदल्यात ठरल्या दिवशी निघणारी बोट मिळत होती. क्रूझ कंपनी आपल्या उतारूला असा कोणता भरवसा देते? योजनेचे नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार ती स्वतःकडे राखते, आणि ज्या बंधनाला दुसरी बाजू नाही त्याला करार म्हणणे कठीण आहे. या कसोटीवर तात्काळ सूट व जुन्या उतारूची ओळख ठेवण्याजोगी ठरते. मुदतीच्या, खर्चाधारित श्रेणी मात्र बंद करणे योग्य.

ज्याच्या आतिथ्यामुळे उतारू परत येतो त्या कर्मचाऱ्याचे स्थान या हिशेबात कोठेच नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. पी. अँड ओ.च्या भोजनगृहांत पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकीय वाढपी राबले. आजही क्रूझ जहाजांवर गोवा व मुंबईकडील माणसे मोठ्या संख्येने आहेत. त्यांचा करार काही महिन्यांचा असतो, तो संपला की पुढचा मिळण्याची वाट पाहावयाची. उतारूच्या शंभराव्या सहलीचा सत्कार जहाजावर होतो, तेव्हा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या वाढप्याच्या फेऱ्या बहुधा त्याहून अधिक झालेल्या असतात.

भारतात या व्यवसायाची नव्याने मांडणी होत आहे. मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाणारी कॉर्डेलिया कंपनीची सेवा २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे ‘एम्प्रेस’ हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होते. येथे अद्याप हिरे-पाचूंची सवय लागलेले उतारू मोठ्या संख्येने नाहीत. त्यामुळे येथील कंपन्यांना दुसऱ्या सहलीचे तिकीट काढणाऱ्यास त्याच खिडकीवर, त्याच दिवशी सूट देण्याचा मार्ग अजून मोकळा आहे. एकदा श्रेणी वाटल्या की त्या काढून घेणे किती कठीण जाते, ते कार्निव्हलच्या अनुभवावरून दिसतेच.